खाड्याचे पैसे आणि पगाराची टोपी

२० सप्टेंबर १८९३. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात रग्बी फुटबॉल युनियनची सभा भरली. (युनियन म्हणजे कामगारांची युनियन समजू नका. ही साहेबांची युनियन.) यॉर्कशायरवाल्यांनी ठराव मांडला. ठराव एवढाच, की मॅच खेळायला गेल्यामुळं कामगार खेळाडूचा जो रोज बुडतो, तो त्याला भरून द्यायला परवानगी असावी. बाजूनं १३६. विरुद्ध २८२. ठराव पडला.

त्याच्या आधी तेरा दिवस, ७ सप्टेंबरला, त्याच यॉर्कशायरमधल्या फेदरस्टन गावात लष्करानं जमावावर गोळी चालवली होती. कोळसा खाणींच्या मालकांना मजुरीत पंचवीस टक्के कपात पाहिजे होती. कामगार हो म्हणेनात म्हणून खाणींना टाळं. टाळेबंदीत पोटाला चिमटा बसलेली माणसं खाणीवर जमली आणि गोळी झाली. दोन माणसं मेली. फेदरस्टन आज रग्बी लीगचं गाव म्हणून ओळखतात.

ह्या दोन तारखा बहुधा वेगवेगळ्या पुस्तकांत सापडतात. एक खेळाच्या पुस्तकात, दुसरी कामगार चळवळीच्या. मी मुद्दाम शेजारी ठेवतो. रोज किती आणि तो ठरवणार कोण, हा सवाल दोन्हीकडं एकच होता.

दोस्तांनो, तुम्ही म्हणाल, कबड्डी-कुस्ती सोडून ह्याला रग्बी कुठून सुचली? सांगतो. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत सूत काढणारी कितीतरी मशिनं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीची होती. आपल्या आजे-पणज्यांनी ज्या मशिनांवर फुप्फुसात कापूस भरून घेतला, ती मशिनं ज्या गावात ओतली गेली, त्या गावचे कामगार सुट्टीला करत काय? हे शोधताना हा खेळ हाताला लागला. ओल्डहॅम, विगन, रॉचडेल, सॅल्फर्ड, हडर्सफील्ड. कापसाची, लोकरीची, कोळशाची गावं. रग्बी लीगचा नकाशा म्हणजे ह्या गावांचाच नकाशा.

खेळ थोडक्यात सांगतो. चेंडू अंड्यासारखा लांबट. हातात घेऊन पळायचं, समोरच्यानं अंगावर येऊन आडवं पाडायचं, पडलेल्यानं पुन्हा उठायचं. आज रग्बी दोन आहेत. पंधरा जणांची युनियन, तेरा जणांची लीग. एकाच्या दोन झाल्या त्याचं कारण खेळाच्या नियमात शोधू नका. हजेरीच्या मस्टरमध्ये शोधा.

खेळ सुरू केला बड्या शाळांतल्या पोरांनी. १८७१ साली लंडनात त्यांनी युनियन काढली. वकील, डॉक्टर, जमीनदाराची मुलं. मग खेळ उत्तरेला गेला आणि गिरण्या-खाणींतली माणसं खेळायला लागली. नुसती खेळायला नाही, जिंकायला लागली. गेटवर तिकिटाला रांगा लागल्या. तेव्हा साहेबांना एकदम खेळाचं पावित्र्य आठवलं. १८८६ साली नियम कडक झाले, की खेळासाठी पैसा घ्यायचा नाही. खेळ हौशीच पाहिजे.

आपल्याकडं म्हण आहे, हौसेला मोल नाही. खरंय. पण हौस करायला वेळ लागतो, आणि आमचा वेळ मालकानं आधीच विकत घेतलेला असतो. इंग्लंडच्या कापड गिरण्यांत १८५० च्या कायद्यानं शनिवारी दुपारी दोनला भोंगा व्हायचा. (मुंबईच्या गिरण्यांना नारायण मेघाजी लोखंड्यांनी रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १० जून १८९० ला. मधल्या चाळीस वर्षांत आपल्या माणसांनी किती रविवार मशिनाला दिले, त्याचा हिशोब कोण करणार?) तर शनिवारी दुपारी मॅच. गावातली असली तर ठीक. परगावची असली की सकाळपासून खाडा. खाडा म्हणजे रोज गेला. आणि मॅचमध्ये हाड मोडलं तर महिनाभर खाडा. डॉक्टर-वकिलाचा हात मोडला तरी घरात चूल पेटायची. विणकराचा मोडला की संपलं.

ह्या बुडालेल्या रोजाला ते 'ब्रोकन टाइम' म्हणत. आपल्या गिरणीच्या भाषेत खाड्याचे पैसे. मागणी चैनीची नव्हती. हजारो लोक तिकीट काढून जे बघायला येतात ते करणाऱ्याचा निदान रोज तरी बुडू नये, एवढंच. त्यावर साहेबाचं म्हणणं काय, तर ज्याला परवडत नाही त्यानं खेळू नये.

कवितेचंही असंच आहे. मानधनाचं नाव काढलं की सभेचे आयोजक तोंड असं करतात, जणू आपण सरस्वतीचा विनयभंग केला. ते असो.

१८९४ च्या हंगामात सॅल्फर्ड, ली, विगन ह्या क्लबांना खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल निलंबित केलं. (सॅल्फर्ड हे नाव लक्षात ठेवा, पुढं परत यायचंय.) एका वर्षात गाडी फुटली. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब बसले आणि बाहेर पडले. नॉर्दर्न युनियन ह्या नावानं नवी संघटना झाली. तिलाच पुढं १९२२ साली रग्बी फुटबॉल लीग हे नाव आलं.

त्यावर लंडननं काय केलं ते नीट वाचा. नॉर्दर्न युनियनमध्ये जो खेळेल तो कायमचा बाद. त्याच्यासोबत जो खेळेल, त्याच्याविरुद्ध जो खेळेल, तोही बाद. म्हणजे पैसा घेतला नाही तरी पैसा घेणाऱ्याचा स्पर्श झाला की माणूस बाटला. हा विटाळच की! वाचताना मी थांबलो. पण लगेच सांगतो, त्यांची आणि आपली बरोबरी मी करत नाही. गोऱ्या कामगाराला तळ्यावर पाणी कुणी बंद केलं नव्हतं. बाटला तरी तो गावातच राहत होता. फक्त एवढं दिसलं, की वरच्याला आपली जागा राखायची असली की त्याला विटाळाची कल्पना सुचतेच. त्यासाठी त्याला मनुस्मृती वाचावी लागत नाही.

आता दुसरी बाजू. उत्तरेचे क्लब फुटले ही क्रांती होती असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. हे क्लब चालवणारे कामगार नव्हते. व्यापारी, कारखानदार, गुत्तेवाले होते. त्यांना गेटचा पैसा पाहिजे होता, आणि गेट आणणारा खेळाडू टिकवायचा तर त्याचा खाडा भरणं भाग होतं. म्हणून त्यांनी सुरुवातीलाच काय केलं? खाड्याचे पैसे मंजूर केले, दिवसाला सहा शिलिंग. आणि सहाच्या वर नाही. मागणी मान्य झाली त्याच कागदावर तिला छप्परही घातलं. पगारावरच्या मर्यादेची गोष्ट लोक १९९० पासून सुरू करतात. मी १८९५ पासून धरतो.

१८९८ साली उघडपणे पैसे द्यायला परवानगी मिळाली. पण अट अशी, की खेळाडूला दुसरी 'खरी' नोकरी पाहिजेच. खाणीत, गिरणीत, गोदीत राबला तरच शनिवारी मैदानात. पबमधला वेटर, बिलियर्डच्या टेबलाशी गुण मांडणारा, ही कामं खरी धरली नव्हती. का? मला वाटतं, नुसत्या खेळावर जगणारा कामगार त्यांना बघवत नव्हता. भोंग्याला बांधलेला माणूसच त्यांना सभ्य वाटायचा. ही अट १९०५ ला गेली.

हे वारं समुद्रापार गेलं. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या पोस्टात अल्बर्ट बास्करव्हिल नावाचा कारकून होता. माझ्याच वयाचा. त्यानं १९०७ साली इंग्लंडच्या दौऱ्यासाठी संघ उभा केला. मालक नाही, क्लब नाही. खेळाडूंनी जणशी पन्नास पौंड घातले आणि नफा सारखा वाटून घ्यायचा करार केला. म्हणजे खेळाडूंची सहकारी संस्थाच म्हणा! सिडनीच्या पेपरांनी 'ऑल ब्लॅक्स' नावाची टिंगल करून ह्यांना 'ऑल गोल्ड्स' म्हटलं. सोन्यासाठी खेळणारे. दौरा पार पडला, आणि परतीच्या वाटेवर ब्रिस्बेनला न्यूमोनियानं बास्करव्हिल मेला. वय पंचवीस. जून १९०८ मध्ये त्याच्या आईच्या मदतीसाठी वेलिंग्टनला मॅच ठेवली. न्यूझीलंडच्या जमिनीवरची लीगची पहिली मॅच ती. दीडशे वर्षांत रग्बीवाल्यांनी जेवढं काही केलं, त्यातला हा माणूस मला सगळ्यात जवळचा वाटतो. पगार वाढवा असं तो कुणाला म्हणालाच नाही. गल्ला आपलाच ठेवू म्हणाला.

सिडनीतही तेच साल. अ‍ॅलेक बर्डन ह्या खेळाडूचा खांदा मॅचमध्ये गेला, काम बुडालं, आणि युनियननं हात वर केले. त्यावरून जळफळाट झाला. ८ ऑगस्ट १९०७ ला बेटमनच्या क्रिस्टल हॉटेलात न्यू साउथ वेल्स रग्बी लीग स्थापन झाली. क्रिकेटचा व्हिक्टर ट्रम्पर त्यात होता. इंग्लंडात खाडा, सिडनीत खांदा.

वेल्सचं थोडं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. कार्डिफच्या गोदीजवळची टायगर बे ही वस्ती, जगभरच्या खलाशांची, काळ्या-गोऱ्या मिश्र लोकांची. तिथला बिली बॉस्टन १९५३ साली तीन हजार पौंड घेऊन विगनला गेला. युनियनच्या दृष्टीनं बाटला. पण न बाटता राहून त्याला मिळणार काय होतं? वेल्सच्या युनियन संघात काळा माणूस यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. बॉस्टननं विगनसाठी ४७८ ट्राय केले. कार्डिफचाच क्लाइव्ह सलिव्हन १९७२ ला ब्रिटनच्या लीग संघाचा कप्तान झाला आणि विश्वचषक जिंकून आला. पैशासाठी खेळणं नीच मानणाऱ्यांच्या दारात काळ्याला जागा नव्हती, आणि पैसे मोजणाऱ्यांकडं होती. पण लीगलाही फार डोक्यावर घेऊ नका. १९५७ ला विश्वचषकानंतर संघ दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनी मॅचेस खेळायला गेला तेव्हा बॉस्टनला सोबत नेलं नाही. वर्णभेदी सरकारला चालणार नव्हता म्हणून. २०२५ साली राजानं त्याला 'सर' केलं, नव्वदीत. लीगच्या खेळाडूला मिळालेली ती पहिली सरकी. खेळ १३० वर्षांचा झाला तेव्हा.

आता ऑस्ट्रेलियातली एक केस. ही प्रत्येक कामगाराला माहीत पाहिजे. सिडनीत बालमेन हा गोदी कामगारांच्या वस्तीतला क्लब. डेनिस टटी त्यांचा खेळाडू. करार संपला, त्याला दुसरीकडं जायचं होतं. क्लब सोडेना. नियमच तसा होता. करार संपला तरी क्लबनं नाव राखून ठेवलं की दुसऱ्या क्लबात खेळता येत नाही, आणि सोडायचं तर क्लब किंमत सांगणार. आमच्याकडं जुन्या ठिकाणचा दाखला अडकवून ठेवतात, तसलाच प्रकार. टटी १९६९ चा सबंध हंगाम बाहेर बसला. त्याच वर्षी बालमेननं त्याच्याशिवाय अंतिम मॅच जिंकली, ११–२. आपलीच टीम जिंकताना बाहेरून बघणं म्हणजे काय हे संपात उभं राहिलेल्यालाच कळेल. तो हटला नाही. १९७१ ला हायकोर्टानं, म्हणजे त्यांच्याकडच्या सर्वोच्च कोर्टानं, निकाल दिला, की हा नियम म्हणजे माणसाच्या धंद्यावर गैरवाजवी बंधन आहे.

एक बेडी तुटली. मालकांनी दुसरी आणली, आणि ती जास्त देखणी होती.

१९९० साली सिडनीच्या लीगनं नियम केला, की एका क्लबनं सगळ्या खेळाडूंवर मिळून अमुक रकमेच्या वर पगार खर्चायचा नाही. ह्याला म्हणतात सॅलरी कॅप. कॅप म्हणजे टोपी. मराठीत टोपी घालणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सोबत 'ड्राफ्ट' आणला. कुठला खेळाडू कुठल्या क्लबात जाणार ते पाळीपाळीनं क्लबच निवडणार, खेळाडू नव्हे. खेळाडू कोर्टात गेले आणि १९९१ ला ड्राफ्ट रद्द झाला. टोपी राहिली.

मंडळातल्या एका मित्राशी ह्यावर रात्रभर वाद झाला. तो म्हणाला, टोपी नसली तर बड्या पैसेवाल्याचा क्लब सगळे चांगले खेळाडू विकत घेईल, गरीब गावाचा क्लब मरेल. फेदरस्टनसारख्या गावाचं काय? मुद्दा खरा आहे, उडवून लावता येत नाही. चार क्लब सगळं खाऊन टाकतील तर खेळच उरणार नाही. पण मग मी विचारतो, गरीब गाव जगवायचा खर्च खेळाडूच्याच पगारातून का काढायचा? मालकाच्या नफ्याला टोपी नाही. वरच्या अधिकाऱ्यांच्या पगाराला नाही. टीव्हीवाला किती कमवेल त्याला नाही. क्लब-क्लब सारखे व्हावेत म्हणून एकट्या मजुरीला छप्पर. मित्राकडं ह्याला उत्तर नव्हतं. अर्थात छप्पर काढून गाव कसं जगवायचं ह्याचं पुरं उत्तर माझ्याकडंही नव्हतं. पहाटे पाळीला गेलो.

टीव्हीवाले १९९५ ला आलेच. मर्डोकच्या कंपनीनं नवी 'सुपर लीग' काढायचं ठरवलं, ऑस्ट्रेलियात जुन्या लीगच्या मागं पॅकर उभा राहिला. दोन धनदांडग्यांची मारामारी लागली आणि खेळाडूंचे पगार एका रात्रीत वर गेले. म्हणजे पैसा नव्हता असं नाही. गिऱ्हाईक दोन झाले की पैसा निघतो. इंग्लंडात पाच वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख पौंडांचा सौदा झाला. त्यातला पहिला बेत असा, की कॅसलफोर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टन मोडून एकच क्लब करायचा. जिथं शंभर वर्षांपूर्वी गोळी चालली तिथली माणसं परत रस्त्यावर आली. बेत बारगळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंधरा जणांच्या युनियननंही जाहीर करून टाकलं, की आता आम्हीही पैसे देणार. जॉर्ज हॉटेलच्या बैठकीला शंभर वर्षं व्हायला दोन-तीन दिवस कमी होते. शंभर वर्षं ज्यांना बाटगे म्हटलं त्यांची माफी मागायची कुणाला घाई दिसली नाही.

१९९७ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात दोन्ही बाजूंनी समेट केला. गिऱ्हाईक पुन्हा एकच झालं आणि टोपी पुन्हा घट्ट बसली. इंग्लंडच्या सुपर लीगमध्येही त्याच सुमारास टोपी आली.

मग चोरवाटा. २००२ साली सिडनीचा बुलडॉग्ज क्लब तक्त्यात पहिला होता. टोपीबाहेर पैसे दिल्याचं उघडकीला आलं, ३७ गुण कापले, क्लब थेट तळाला. २०१० ला मेलबर्न स्टॉर्मकडं दोन हिशोब सापडले, एक लीगला दाखवायचा, एक लपवायचा. २००७ आणि २००९ ची अजिंक्यपदं काढून घेतली, सुमारे १७ लाख डॉलर दंड, आणि उरलेला हंगाम शून्य गुणांवर खेळायचा. जिंकलं तरी शून्य. दोन वह्या साहेबांनी लिहिल्या, आणि शून्यासाठी अंग ठेचून घेत खेळले खेळाडू.

२०२३ ला ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी मात्र चांगलं केलं. पगार आणि बाकी अटींचा सामुदायिक करार महिनोन्महिने लोंबकळत होता. खेळाडूंच्या युनियननं (ही आपल्या अर्थाची युनियन) पत्रकारांशी बोलणं बंद केलं आणि मैदानात उतरताना जर्सीवरच्या लीगच्या शिक्क्यावर चिकटपट्टी लावली. लीग सगळी विकते ती त्या शिक्क्यावर. तोच झाकला. त्या साली एका क्लबची टोपी होती १ कोटी २१ लाख डॉलर. करार झाला, आणि त्यात पहिल्यांदाच बायकांच्या लीगच्या खेळाडू आल्या. ती लीग २०१८ ला सुरू झाली होती. इंग्लंडात बायकांना तेवढंही नाही. लीड्स आणि यॉर्कनं मॅचचे पैसे द्यायला सुरुवात केली तीच २०२३ च्या हंगामापासून. म्हणजे बाई अजून १८९३ च्या सभेच्या दारात उभी आहे. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव, घरी गेल्यावर भाकरी.

आता सॅल्फर्ड. एंगल्सच्या बापाची भागीदारीतली गिरणी ह्याच गावात होती. १८९४ ला पैसे दिले म्हणून ज्या क्लबाला शिक्षा झाली, त्याच क्लबाला २०२५ मध्ये पैसे देता येईनात. कर्ज तुंबलं होतं. लीगनं त्याच्यावर खास छोटी टोपी बसवली, १२ लाख पौंडांची. हंगामाची पहिली मॅच सेंट हेलेन्सशी, फेब्रुवारीत. मोठे खेळाडू कागदावर होते, पण त्यांना उतरवलं तर टोपी फुटत होती. म्हणून राखीव पोरं उतरवली. पोरं ८२–० नं हरली. ऐंशी मिनिटं पडत होती, उठत होती. पुढं पगार वेळेवर होईनात. पहिले एका महिन्याचा उशीर, मग परत. एकेक खेळाडू उसना म्हणून दुसरीकडं जायला लागला. डिसेंबरमध्ये कर खात्याच्या थकबाकीवरून कोर्टानं क्लबची कंपनी मोडीत काढली. तोवर ड्रेसिंगरूममधली बहुतेक माणसं मिळेल त्या क्लबात पांगली होती.